पहिली वीस बकरी: कोल्हापूर भागात नव्यानं मेंढरं पाळणाऱ्यांसाठी

मेंढीपालन चालू करायचंय म्हणून जो कोण विचारायला येतो त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, शेड किती बाय किती बांधू? शेडचं नंतर बघू की. रोज सकाळी कळपात अर्धा तास नुसतं बघत उभं राहायची तयारी आहे का आणि दिवसभर मागं चालायला घरात कोण आहे, हे आधी सांगा. मेंढरू हे चालणारं जनावर आहे, खुंट्याला बांधून गव्हाणीत टाकलं की झालं असला प्रकार इथं नाही.

मी हातकणंगले भागात ऊस आणि बकरी दोन्ही करतो. (आमच्याकडं बकरी म्हणजे मेंढरं, शेळ्यांना शेरडं म्हणतात, पुढं वाचताना घोळ नको.) युट्यूबवर जे व्हिडिओ फिरतात ते बरेचसे माणदेश नाहीतर नगरकडचे असतात, तिकडं पाऊस कमी, चारा कमी, त्यांची सगळी धडपड चाऱ्यासाठी. आपल्याकडं चारा बक्कळ आणि ओल पण बक्कळ. कोल्हापुरात बकरं उपाशी मरत नाही, ओलीनं मरतं. जंत, खुरं सडणं, न्यूमोनिया, सगळ्याचं मूळ तिथंच. म्हणून खालचं सगळं त्याच हिशोबानं लिहिलंय.

१. गाव कुठं आहे ते बघा

गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, या बाजूला असाल तर पावसाळ्याचे चार महिने बकरी कुठं न्यायची याचं उत्तर हातात असल्याशिवाय एक पण जनावर घेऊ नका. आपल्याकडचे धनगर पाऊस लागला की कळप घेऊन पूर्वेला कमी पावसाच्या मुलखात जातात आणि उघडीप झाली की ऊस-भाताच्या रानात परत येतात, ते काय हौस म्हणून नाही. पश्चिमेच्या भागात एका जागेवर बारा महिने मेंढरं सांभाळणं म्हणजे औषधाच्या दुकानात खातं उघडणं.

हातकणंगले, कागल, गडहिंग्लजकडं जिथं जरा माळ आहे तिथं जमतं. शिरोळला पाऊस कमी पण नदीकाठ, त्याचा त्रास वेगळा. नदीकाठच्या दलदलीत गोगलगायी असतात आणि त्यांच्यामार्फत लिव्हर फ्लूक म्हणजे यकृतातला चपटा जंत बकऱ्यात येतो. वाडा (बकऱ्यांचा गोठा) पूररेषेच्या बाहेर पाहिजे, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते गावात कुणी पण दाखवेल. आणि राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटाला, म्हणजे इशारा पातळीला आली की बकरी माळावर हलवायला घ्यायची, ४३ ची म्हणजे धोक्याची बातमी यायची वाट बघायची नाही. गाभण मेंढी पळत नसते.

२. किती घ्यायची, कुठली घ्यायची

वीस मेंढ्या आणि एक मेंढा. यापेक्षा जास्त पहिल्या वर्षी नको. शंभराचं गणित कागदावर फार छान दिसतं, पण शंभरातलं आजारी बकरं नवख्याला दिसतच नाही, ते पडल्यावरच कळतं.

जात म्हणाल तर दख्खनी. काळी-करडी, दिसायला गरीब, पण या मुलखात मुरलेली. माडग्याळ (जत तालुक्यातलं मूळ) उंच, पांढऱ्यावर तांबडे डाग, नाकाचा बाक भारी, आणि दर पण तसाच, त्यातला निम्मा दर त्या नाकाचा असतो. कोरड्या भागातलं जनावर आहे, हौसेला एखादं ठीक, सुरुवात त्याच्यावर करू नका. जुळी देणारी पाहिजे असतील तर फलटणच्या निंबकर संस्थेनं बंगालच्या गरोळ मेंढीचा जुळ्यांचा जनुक दख्खनीत आणून नारी सुवर्णा तयार केली आहे. पण जुळी म्हणजे दुप्पट नफा असं समजू नका, आईला खुराक आणि कोकरांवर लक्ष हे दोन्ही पण दुप्पट लागतं.

बरोबर दोन-तीन शेरडं ठेवा. चहाला दूध होतं, एखाद्या कोकराची आई आटली तर त्याला पाजता येतं, आणि शेरडं पुढं चालतात, मेंढरं त्यांच्या मागं येतात.

३. बाजारात डोळ्यानं नाही, हातानं बघायचं

पेठ वडगावचा बाजार आपल्याला जवळचा, आटपाडीला मोठा माल बघायला मिळतो. पण पहिली खेप शक्यतो ओळखीच्या वाड्यावरनं घ्या, बाजारातलं जनावर कुठल्या कळपातनं काय घेऊन आलंय ते कळत नाही. ओळखी नसतील तर दसऱ्यानंतर पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला जा. महाराष्ट्र-कर्नाटकातले बकरीवाले तिथं येतात, भंडाऱ्यानं पिवळं होऊन का असेना पण चार कामाची माणसं भेटतात. भाकणुकीत (यात्रेतल्या भविष्यवाणीत) पावसाचं काय निघालं ते ही मंडळी हवामान खात्याइतकंच मन लावून ऐकतात.

जनावर बघताना हे बघा:

- तोंड उघडून खालचे दात. दोन दाती म्हणजे साधारण दीड वर्षाची, चार दाती दोनची, आठ दात जुळलेले म्हणजे चारच्या आसपास. दोन किंवा चार दातीच घ्या. दात झिजलेली, पडलेली म्हातारी "अनुभवी मेंढी" म्हणून गळ्यात मारतात.
- डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून आतला रंग बघा. लालसर गुलाबी असेल तर ठीक, पांढुरकी असेल तर पोटात जंतांचा बाजार भरलाय.
- पाठीच्या मणक्यावर हात दाबा. लोकरीमुळं मेंढी गुबगुबीत दिसते, हाताला हाडं टोचली की खरं काय ते कळतं.
- कास दोन्ही बाजूनं मऊ आहे का, एखादी गाठ, एखादा सड बंद. कास दगडासारखी असेल तर दर कितीही पाडला तरी सोडून द्या.
- शेपटीखाली घाण चिकटलेली, नाकाला शेंबूड, लंगडणं, यातलं काही दिसलं तर पुढं चला.
- मेंढ्याचे दोन्ही अंड सारखे आणि टणक पाहिजेत.

घरी आणल्यावर तीन आठवडे आपल्या जुन्या जनावरांपासून लांब ठेवायची. वेगळी भांडी, वेगळी जागा, आणि त्यांच्याकडं शेवटी जायचं. हा नियम सगळ्यांना माहीत असतो आणि "एकच तर मेंढी आणलीया" म्हणून मोडला जातो.

४. वाडा

मोठ्या मेंढीला छताखाली १० ते १२ चौरस फूट आणि बाहेर मोकळं आवार त्याच्या दुप्पट. वीस मेंढ्यांना पत्र्याचं साधं छप्पर पुरतं, कर्ज काढून सिमेंटचा महाल नको. जमिनीपासून फूटभर उंच मुरुमाचा भराव, एका बाजूला उतार, भोवती चर. पाऊस आपल्याकडं पश्चिमेकडनं मारतो तेव्हा त्या बाजूला ताडपत्री पाहिजे, पण वरचा दोन फूट भाग मोकळा ठेवा, नाहीतर आत वाफ धरते. मोजायचं कसं, तर रात्री वाड्यात जाऊन गुडघ्यावर बसा, मेंढीच्या नाकाच्या उंचीला. तिथं डोळे चुरचुरले तर मुताचा वास कोंडलाय, तोच वास ती रात्रभर ओढत असते. उभं राहून काय कळत नाही.

रानात बसवताना (खतासाठी रात्री कळप शेतात मुक्कामी ठेवताना) जाळीची वाघर लागते आणि कुत्रं लागतं. लांडगा, बिबट्याची चर्चा जास्त होते पण गावातली मोकाट कुत्री जास्त बकरी मारतात. वन्यप्राण्यानं मारलं तर वनखात्याची भरपाई असते, त्यासाठी मेलेलं जनावर हलवायचं नाही, फोटो काढायचा, लगेच वनरक्षकाला कळवायचं, पंचनामा होऊ द्यायचा. आधी पुरलं की विषय संपला.

५. रोजचा दिवस

सगळ्यात महत्त्वाचं हेच, त्यामुळं जरा लांबण लागेल.

सकाळी वाड्याचं दार उघडायच्या आधी बाहेरनं बघत उभं राहा. तुम्ही आल्यावर सगळी उठून अंग ताणणार, मुतणार, हे चांगलं लक्षण. जी उठत नाही, उठून मान खाली घालून कोपऱ्यात जाते, जिचे कान पडलेत, जी रवंथ करत नाही, ती आजची तुमची गिऱ्हाईक. मेंढरू आजार लपवतं, म्हणजे कळपात राहायला पाहिजे म्हणून शेवटपर्यंत चालत राहतं, आणि ज्या दिवशी मागं पडतं त्या दिवशी बऱ्याचदा उशीर झालेला असतो. ताप बघायला साधा थर्मामीटर गुदद्वारात लावा, १०२ ते १०३.५ फॅरनहाइट नॉर्मल. रात्रीच्या लेंड्या बघा. गोळी गोळी सुटी असेल तर बरं, शेणासारखा पो पडला असेल तर कुणाचा ते शोधा.

मग कोकरं पाजायची. प्रत्येक कोकरू आपल्याच आईला लागलंय का बघा, काही आया लाथ मारतात, त्यांना धरून पाजायला लागतं. पाजून झालं की बारकी कोकरं वाड्यावरच ठेवायची, त्यांच्यापुढं कोवळा पाला टांगायचा.

चारायला दव वाळल्याशिवाय सोडायचं नाही. पावसाळ्यात आणि थंडीत नऊ-दहा वाजेपर्यंत कळ काढा. ओल्या गवताच्या शेंड्याकडं जंतांची पिल्लं चढून बसलेली असतात, ऊन लागलं की खाली जातात. त्यात आणि गवताला बुडाशी खरडून खाऊ द्यायचं नाही, एक रान चार-पाच दिवसांवर झालं की दुसरीकडं. उन्हाळ्यात उलट, पहाटे सहाला सोडून दहा-साडेदहाला झाडाखाली, परत चारनंतर. उन्हात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून गोल करून उभी राहिलेली दिसली की समजायचं, चराई संपली, सावलीला न्या.

पाणी दिवसाला ३ ते ५ लिटर लागतं एका मेंढीला, उन्हाळ्यात त्याहून जास्त. डबक्यातलं नको. वाड्यात बादली किंवा हौद, आणि तो धुतलेला.

संध्याकाळी आत घेताना मोजायचं. दार अरुंद ठेवलं की एकेक जातं आणि मोजणी होते, शिवाय कुठलं लंगडतंय ते त्या दारातच दिसतं. दारात चुन्याची पट्टी टाका. लंगडत असेल तर त्याच रात्री खूर उचलून बघा, बोटांच्या मधे वास मारत असेल तर खुरी लागली, वाढलेलं नख छाटून १० टक्के झिंक सल्फेटच्या पाण्यात पाय बुडवायचे. दोन दिवसांनी बघू म्हटलं तर अर्धा कळप लंगडतो.

६. चारा, आणि त्यातले सापळे

साखर कारखाने चालू झाले की आपल्याकडं वाढ्यांची (उसाच्या हिरव्या शेंड्यांची) चंगळ. फुकट नाहीतर कवडीमोल. पण नुसत्या वाढ्यांवर मेंढरं ठेवू नका, वाढ्यातलं ऑक्झलेट अंगातला कॅल्शियम बांधून टाकतं. कुट्टी करून चुन्याची निवळी शिंपडा, आणि बरोबर सुका चारा, भुईमुगाचा पाला, हरभऱ्याचा भुसा, सुबाभूळ, शेवरी असलं काहीतरी द्या.

नवख्यांना जड जाणारे सापळे हे:

- गाई-म्हशींचं मिनरल मिक्श्चर मेंढराला घालू नका. त्यातलं तांबं गाईला चालतं, मेंढराच्या यकृतात मात्र साठत जातं आणि एक दिवस लाल लघवी होऊन जनावर पटकन जातं. पिशवीवर मेंढीसाठी लिहिलेलंच घ्या. हे मी मुद्दाम पहिलं लिहिलं कारण आपल्या घराघरात म्हशीची पिशवी उघडी असतेच आणि "मेंढराला पण थोडं" म्हणून हात जातो.
- ज्वारीचं कोवळं किंवा पाण्याअभावी सुकलेलं पोंग, कापल्यावर फुटलेले धुमारे. किराळ लागते, म्हणजे त्यातलं विष बाधतं, तासाभरात खेळ संपतो. फुलोऱ्यात आलेली ज्वारी चालते.
- लग्नातला उरलेला भात, चपात्या, सांडलेला मका. पोटात आंबतं, मेंढी झोकांड्या खाते. धान्य द्यायचं तर मुठीमुठीनं वाढवत.
- ओला लसूणघास उपाशी पोटी. डावी कूस नगाऱ्यासारखी फुगते. आधी कडबा खाऊ घाला, घास नंतर.
- ज्या रानात तणनाशक, कीटकनाशक मारलंय तिथं सोडणं. दुसऱ्याच्या बांधावर जायच्या आधी विचारा, भांडण पण वाचतं.

७. जंत आणि लसी

जंताचं औषध पावसाच्या तोंडावर आणि पाऊस संपताना, हे दोन डोस तर हवेतच, मधले डोस पापणी बघून आणि लेंड्या तपासून. पशुवैद्यकीय दवाखान्यात लेंडी तपासणी होते, पिशवीत ताज्या लेंड्या न्यायच्या. नदीकाठी असाल तर फ्लूकचं औषध वेगळं असतं ते डॉक्टरला सांगून घ्या. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबल्यासारखी सूज दिसली तर थांबू नका. औषध वजनावर द्यायचं, अंदाजानं कमी दिलं की जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. अल्बेंडाझोल नुकत्याच गाभण गेलेल्या मेंढीला नको. आणि पाजताना तोंड आभाळाकडं करू नका हो, ठसका लागून औषध फुफ्फुसात जातं, मान सरळ ठेवून गालाच्या कोपऱ्यातनं हळू सोडायचं.

लसींत आंत्रविषाराची मे महिन्यात, पावसाच्या आधी, पहिल्यांदा देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी परत एकदा. पहिल्या पावसाचं कोवळं गवत खाऊन कळपातलं सगळ्यात धष्टपुष्ट कोकरू सकाळी मेलेलं सापडतं आणि लोक दृष्ट लागली म्हणतात, ते हेच. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची) लस कोकरू तीन-चार महिन्यांचं झालं की, ती तीन वर्षं पुरते. लाळ्या खुरकूत, देवी, घटसर्प, नीलजिव्हा यांचं वेळापत्रक आपल्या तालुक्याच्या डॉक्टरकडनं लिहून घ्या. तोंड सुजलं, ओठ-जीभ फोडलेली आणि लंगडतंय, असं पावसाळ्यात एकदम दोन-तीन बकऱ्यांना झालं तर नीलजिव्हा असू शकते, तो चिलटांनी पसरतो, संध्याकाळी वाड्यात कडुलिंबाचा धूर करा आणि डॉक्टर बोलवा. १९६२ हा फिरत्या दवाखान्याचा टोल फ्री नंबर आहे, मोबाईलमधे सेव्ह करून ठेवा.

८. वीण

मेंढी साधारण १५० दिवसांनी व्यायते. मेंढा बारा महिने कळपात सुटा ठेवला की कोकरं कधीपण येतात, आणि आषाढातल्या चिखलात आलेलं कोकरू वाचवणं फार अवघड. म्हणून मेंढा मेअखेरीपासून जुलैअखेरपर्यंत सोडा, बाकी वेळ वेगळा ठेवा किंवा जुने लोक करतात तसं पोटाखाली गोणपाट बांधा. मेंढी दर सतरा दिवसांनी माजावर येते, दोन महिन्यांत तिला तीन संधी मिळतात. कोकरं ऑक्टोबरअखेर ते डिसेंबरमधे येतात, पाऊस गेलेला, वाढे चालू झालेले, आणि पुढच्या आषाढात हीच कोकरं सात-आठ महिन्यांची विकायला तयार.

गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात रोज पाव किलोभर खुराक. व्यायल्यावर नाक-तोंड पुसून नाळेला टिंक्चर आयोडीन आणि तासाभराच्या आत चीक पोटात गेलाच पाहिजे. सड बंद असतात कधीकधी, दोन पिळक्या मारून बघा. वार पडायला बारा तासांपेक्षा जास्त लागले तर ओढू नका, डॉक्टर.

मेंढा दोन वर्षांनी बदला, नाहीतर बाप-लेकीचं नातं जुळतं आणि कोकरं खुरटतात. दुसऱ्या कळपवाल्याशी अदलाबदल केली तरी चालतं.

९. कागद आणि योजना

जमवून ठेवा: आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक, सातबारा आणि ८-अ, जातीचा दाखला, मोबाईल नंबर आधारला जोडलेला, आणि जनावरांच्या कानातल्या १२ अंकी बिल्ल्यांचे नंबर.

राजे यशवंतराव होळकर महामेष योजना भटक्या जमाती-क (धनगर समाज) साठी आहे, त्यात वीस मेंढ्या आणि एक मेंढा असा गट ७५ टक्के अनुदानावर मिळतो. अर्ज ऑनलाइन, मुदत थोडी असते, त्यामुळं पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्याकडं अधूनमधून चक्कर पाहिजे. राष्ट्रीय पशुधन अभियानात सगळ्यांना अर्ज करता येतो, पण ते १०० माद्या आणि ५ नरांपासून पुढं, भांडवलाच्या ५० टक्के अनुदान, शंभराच्या युनिटला जास्तीत जास्त १० लाख. अनुदान हप्त्यानं आणि नंतर येतं, बाकीचे पैसे आधी तुम्हाला उभे करायला लागतात. "साहेब, फाईल करून देतो" म्हणणारे एजंट भेटतील, फॉर्म फुकट असतो.

विमा उतरवा. मेलं तर कानातला बिल्ला कानासकट जपायचा, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट घ्यायचा. बिल्ला नाही तर क्लेम नाही, एवढं सोपं आहे ते.

१०. पैसा कुठनं येतो

लोकरीवर भरवसा ठेवू नका. दख्खनीची लोकर भरड, वर्षाला अर्धा-पाऊण किलो, कातरायची मजुरी निघाली तरी खूप. पण कातरणी चुकवायची नाही, पावसाच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या सुमाराला एकदा, नाहीतर ओली लोकर अंगावर आणि आत गोचीड. सनगर घोंगडी विणणारा ओळखीचा असेल तर त्याला द्या, स्वतःपुरती एक विणून घ्या.

लेंडीखत मात्र सोनं आहे, ट्रॉलीनं जातं. ऊस तुटल्यावर रानात बकरी बसवायला शेतकरी पैसे किंवा धान्य देतात, दर रात्रीवर ठरतो, बोलणी आधी करा आणि पाण्याची सोय कोण करणार ते पण त्यातच ठरवा.

कोकरं आषाढात आणि बकरी ईदच्या आधी विकायची, मटणाला गिऱ्हाईक कोल्हापुरात कधी कमी नसतं पण त्या दिवसांत व्यापारी दारात येतो. व्यापारी उक्तं मागतो, नजरेनं सांगतो अठरा किलो भरेल म्हणून. झाडाला लटकवायचा काटा हजार-दीड हजारात मिळतो, पोटाला पट्टा घालून त्याच्यासमोर टांगा आणि किलोवर बोला. माद्या विकायची घाई करू नका, चांगल्या आयांच्या माद्या कानाला खूण करून कळपात ठेवा. आणि रोख घ्या, "पुढच्या बाजाराला देतो" म्हणणाऱ्याच्या गाडीत बकरं चढवू नका.